जुनी धून, तयार हात

गिटार शिकणाऱ्याची प्रगती बहुतेक वेळा त्याच्या नजरेआड होते. रोजच्या रियाजात त्याच्यासमोर असतो तो न बसलेला, नवा तुकडा. तो बसू लागला की पुढचा येतो आणि पुढचा आधीच्याहून थोडा अवघड असतो. हात जेवढा वाढतो तेवढेच काम वाढते, त्यामुळे आपण कायम एकाच जागी अडखळत आहोत असे वाजवणाऱ्याला वाटत राहते. वर्ष-दोन वर्षांपूर्वी बसवून बाजूला ठेवलेली धून पुन्हा हातात घेतली की हा समज दूर होतो. धुनेचे स्वर तेच असतात, अवघड जागा त्याच असतात, लय तीच असते. बदललेला असतो तो वाजवणारा. वादनात जे वेगळे ऐकू येते ती त्याच्या मधल्या काळातल्या मेहनतीची कमाई असते. जुन्या धुनांकडे परतणे हा म्हणूनच गिटारच्या शिक्षणातला मोलाचा भाग आहे. शिक्षणाच्या नेहमीच्या घडीत मात्र त्याला फारशी जागा मिळत नाही.

परीक्षांची रचनाच पुढे जाण्यासाठी केलेली असते. मुंबई, पुणे आणि गोव्यात पाश्चात्त्य पद्धतीने गिटार शिकणारे अनेक विद्यार्थी ट्रिनिटी कॉलेज लंडनच्या परीक्षांना बसतात. या परीक्षांत प्राथमिक पातळीनंतर आठ ग्रेड आहेत आणि प्रत्येक ग्रेडला तुकड्यांची नवी यादी आहे. परीक्षा झाली की यादी मागे पडते आणि तुकडेही मागे पडतात. परीक्षा न देता चित्रपटगीतांवर हात बसवणाऱ्यांचेही असेच होते. १९८३ सालच्या ‘कलाकार’ या हिंदी चित्रपटातल्या ‘नीले नीले अंबर पर’ची गिटारची सुरावट ही अनेक हौशी वादकांची पहिली मजल असते. ती जमली की काही दिवस मित्रमंडळींत वाजते आणि मग दुसरे गाणे येते. एखादा तुकडा एकदा न चुकता वाजला की तो संपला, असे दोन्हीकडे धरले जाते. खरे तर न चुकता वाजणे ही त्या तुकड्याशी होणाऱ्या ओळखीची सुरुवात असते.

प्रगती आतल्या आत होते आणि उशिरा दिसते, हे शिकण्याच्या अभ्यासकांनी फार पूर्वी नोंदवले आहे. विल्यम ब्रायन आणि नोबल हार्टर या अमेरिकी संशोधकांनी १८९७ आणि १८९९ साली तारायंत्रावर काम शिकणाऱ्यांच्या प्रगतीचे आलेख प्रसिद्ध केले. येणारा संदेश कानांनी टिपण्याचा वेग काही काळ वाढे, मग बराच काळ एका पातळीवर थांबे आणि नंतर पुन्हा वर जाई. त्यांचे स्पष्टीकरण असे होते की, शिकणारा आधी सुटी अक्षरे ओळखतो, मग पूर्ण शब्द, मग शब्दांचे समूह. खालची पायरी अंगवळणी पडेपर्यंत वरची पायरी हाती येत नाही. बाहेरून सपाट पठार दिसते तेव्हा आत हे अंगवळणी पडण्याचे काम चाललेले असते. गिटारवर याच क्रमाचा अनुभव येतो. आधी सुटे स्वर शोधावे लागतात, नंतर कॉर्डचा आकार एकदम हाताखाली येतो, पुढे दोन-तीन कॉर्डची साखळी एकच हालचाल होऊन जाते. प्रत्येक पठारावर वाजवणाऱ्याला आपण थांबलो असे वाटते. तो थांबलेला नसतो, याचा पुरावा त्याला चालू तुकड्यात मिळत नाही. तो जुन्या तुकड्यात मिळतो.

सोडून दिलेली धून मुळात परत येते कशी, याचे उत्तर हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाच्या १८८५ सालच्या ग्रंथात सापडते. त्याने निरर्थक अक्षरांच्या याद्या स्वतःच पाठ केल्या, काही काळाने त्या विसरल्यावर पुन्हा पाठ केल्या आणि दुसऱ्या वेळी किती वेळ कमी लागला हे मोजले. यादी आठवत नसली तरी ती पुन्हा शिकायला लागणारे श्रम वाचत होते. गिटारच्या धुनेचेही तसेच आहे. अनेक महिन्यांनी ती वाजवायला घेतली की पहिल्या ओळीनंतर बोटे थबकतात आणि सगळे गेले असे वाटते. दोन-तीन बैठकांत मात्र ती परत हातात येते. एबिंगहाउसच्या प्रयोगाने परत येण्याचे कारण कळते, पण गिटारवादकाला त्याहून मोठा आनंद देणारी गोष्ट वेगळी आहे. धून परत येते ती पूर्वीपेक्षा चांगली येते. मधल्या काळात तिला हात लावलेला नसताना ती सुधारते.

याचे कारण गिटारच्या भाषेत आहे. या वाद्याच्या हजारो रचना मोजक्याच आकारांतून घडतात. डाव्या हाताला लागणारे कॉर्डचे साचे आणि उजव्या हाताच्या बोटांचे क्रम एका रचनेतून दुसरीत सतत भेटत राहतात. इटालियन वादक माउरो जुलियानी याने १८१२ साली व्हिएन्नात प्रसिद्ध केलेल्या पहिल्या ओपसमध्ये उजव्या हातासाठी १२० स्वराभ्यास दिले आणि ते सगळे सी मेजर आणि जी सेव्हन्थ या दोनच कॉर्डवर बसवले. डावा हात जवळजवळ स्थिर ठेवून अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिका यांचे क्रम तेवढे बदलत न्यावेत, ही त्यामागची योजना. हे क्रम ज्याने घासून घेतले, त्याच्या हातात अशा असंख्य रचनांची तयारी होते ज्या त्याने अजून पाहिलेल्याही नाहीत, आणि ज्या त्याने पूर्वी कच्च्या वाजवल्या त्यांचीही. आज एका तुकड्यावर केलेले काम असे दुसऱ्या तुकड्यात जाऊन साठते. जुनी धून पुन्हा वाजवताना ही साठवण पहिल्यांदा कानावर येते.

‘स्पॅनिश रोमान्स’ या नावाने ओळखली जाणारी धून हे याचे उत्तम उदाहरण. तिचा कर्ता कोण यावर एकमत नाही. रने क्लेमाँच्या १९५२ सालच्या ‘झ्यो ॲंतेर्दी’ या फ्रेंच चित्रपटासाठी नार्सिसो येपेसने ती वाजवली आणि ती जगभर पोचली. नायलॉनच्या तारांची गिटार शिकणारा क्वचितच असा असेल ज्याने ती कधी ना कधी वाजवली नाही. तीन मात्रांच्या आवर्तनात नऊ स्वर येतात. अंगठा खर्जातला स्वर धरतो आणि अनामिका, मधले बोट, तर्जनी या क्रमाने वरच्या तीन तारा वाजत राहतात. पहिल्या ओळीत डाव्या हाताचे एकच बोट पहिल्या तारेवर सातव्या फ्रेटपासून खाली उतरते आणि मग बाराव्या फ्रेटपर्यंत चढते. बाकीच्या तारा मोकळ्या असतात. कमी कष्टांत इतके गोड ऐकू येते म्हणून नवा शिकणारा तिच्यावर लुब्ध होतो. पुढे पाचव्या फ्रेटवर बार येतो, म्हणजे तर्जनी आडवी ठेवून अनेक तारा एकदम दाबाव्या लागतात, त्यानंतर सातव्या फ्रेटवर बार येतो आणि तो तसाच धरून करंगळी अकराव्या फ्रेटपर्यंत ताणावी लागते. ई मायनरमधून ई मेजरमध्ये जाणारा दुसरा भाग याहूनही कठीण आहे.

पहिल्या वेळचे वादन बहुतेकांचे सारखेच असते. सोपी ओळ पळते, बार आला की लय मंदावते, करंगळी ताणताना दोन-तीन तारा मुक्या होतात आणि ते ठिकाण ओलांडले की सुटकेच्या भरात लय पुन्हा पळते. धून ‘येते’ खरी, पण तिच्या अवघड जागा ऐकणाऱ्याला मोजून दाखवता येतात. एक-दोन वर्षे इतर कामात गेल्यावर तीच धून वाजवली की आधी लक्षात येते ती बारची गोष्ट. तर्जनी आता सहाही तारा आवळून धरत नाही. ज्या तारांना दाब हवा त्यांनाच तो मिळतो, बोट फ्रेटच्या अगदी मागे पडते आणि हाताचे वजन निम्मे काम करते. पूर्वी तळहाताच्या अंगठ्याकडच्या बाजूला येणारी कळ आता येत नाही. बार येण्यापूर्वी लय मंदावत नाही, कारण पुढे संकट आहे असे हाताला वाटतच नाही. ऐकणाऱ्याला दोन्ही ओळी एकाच श्वासात म्हटल्यासारख्या वाटतात.

हाताच्या या तयारीचे धागे शरीरात खोलवर जातात. मधल्या बोटाच्या आणि अनामिकेच्या स्नायुबंधांमध्ये हाताच्या पाठीवर जोड असतात, त्यामुळे अनामिका एकटी हलवणे सगळ्यांनाच जड जाते. नव्या वादकाच्या स्वरपंक्तीत अनामिकेचा स्वर दुबळा किंवा उशिरा येतो, आणि ‘रोमान्स’मध्ये तर मुख्य सुरावट नेमकी अनामिकेवरच असते. सरावाने हे बोट शेजारच्याला न ओढता हलायला शिकते. मेंदूतही बदल होतात. तंतुवाद्ये वाजवणाऱ्यांच्या मेंदूचा एक अभ्यास १९९५ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. थोमास एल्बर्ट आणि त्याच्या सहकाऱ्यांनी व्हायोलिन, चेलो आणि गिटार वाजवणाऱ्यांच्या मेंदूत डाव्या हाताच्या बोटांच्या स्पर्शाला किती जागा मिळते ते मोजले. वादकांमध्ये ही जागा इतरांपेक्षा मोठी होती, गळ्यामागे स्थिर राहणाऱ्या अंगठ्याच्या बाबतीत हा फरक सर्वांत कमी होता आणि लहानपणी सुरुवात केलेल्यांत तो अधिक होता. रियाज म्हणजे बोटांबरोबर मेंदूचीही मशागत असते, आणि तिचे पीक एका धुनेपुरते राहत नाही.

सुधारणा म्हणजे वेग, अशी समजूत सर्वत्र आहे. जुनी धून वाजवताना ती टिकत नाही. धून पूर्वीपेक्षा वेगात वाजवता येते हे खरे असते, पण तयार हाताला तसे करावेसे वाटत नाही. त्याला जी नवी गोष्ट मिळालेली असते ती म्हणजे सवड. पहिल्या वेळी प्रत्येक स्वर वाजत असताना लक्ष पुढच्या स्वरावर होते: कुठले बोट, कुठली तार, कुठला फ्रेट. वाजत असलेला स्वर ऐकायला कोणी मोकळेच नव्हते. पॉल फिट्स आणि मायकेल पोस्नर यांनी १९६७ साली कौशल्य शिकण्याचे तीन टप्पे मांडले. पहिल्यात विचार करून हालचाल होते, दुसऱ्यात हालचाली एकमेकींना जोडल्या जातात आणि तिसऱ्यात त्या लक्ष न देता होतात. तिसऱ्या टप्प्यावर लक्ष सुटे होते, आणि संगीतात या सुट्या झालेल्या लक्षाला लगेच काम मिळते: ते ऐकू लागते. स्वर किती लांबला, त्याची धार मऊ होती की टोकदार, खर्ज किती वेळ गुंजत राहिला, वाक्य कुठे संपले, हे सगळे वाजवता वाजवता कळू लागते. वादनातली खरी वाढ म्हणजे ही ऐकण्याची सवड. वेग, सफाई आणि अचूकता या तिच्याकडे नेणाऱ्या वाटा आहेत.

ही सवड छोट्या रचनांत अधिक स्पष्ट दिसते. स्पेनच्या फ्रान्सिस्को तारेगाची (१८५२–१९०९) ‘लाग्रिमा’ ही रचना अवघ्या सोळा आवर्तनांची आहे. पहिली आठ ई मेजरमध्ये, पुढची आठ ई मायनरमध्ये, आणि शेवटी पुन्हा पहिला भाग. सुरुवातीला पहिल्या आणि चौथ्या तारेवरची दोन बोटे जोडीने वर सरकतात आणि मधली दुसरी तार मोकळी वाजत राहते. नवा वादक हे दोन-तीन आठवड्यांत बसवतो. त्याच्या वादनात प्रत्येक सरकण्याबरोबर चौथ्या तारेचा करकर आवाज येतो, कारण खालच्या तिन्ही तारांवर धातूचे वेटोळे असते. जागा बदलताना दोन स्वरांमध्ये बारीकशी पोकळी राहते. मोकळी तार सुरावटीइतकीच मोठ्याने वाजते आणि गाण्यावर चढून बसते. परतलेला वादक बोट आधी हलके करतो आणि मग सरकवतो. करकर विरते, पोकळी भरते, मधली तार मागे जाते आणि वरचा आवाज गाऊ लागतो. यातले काहीही स्वरलिपीत लिहिलेले नाही. लिहिलेले स्वर पहिल्या वेळीही बरोबरच होते.

बार्सिलोनात जन्मलेल्या फेर्नांदो सोरच्या (१७७८–१८३९) अभ्यासिकांमध्ये हा शोध आणखी पुढे जातो. त्याच्या पस्तिसाव्या ओपसमधली बाविसावी, बी मायनरमधली अभ्यासिका बहुतेक विद्यार्थ्यांच्या वाट्याला येते. आंद्रेस सेगोव्हियाने सोरच्या वीस अभ्यासिकांचा जो संग्रह संपादित केला त्यात ती पाचवी आहे. पहिल्या भेटीत ती एकसारख्या स्वरांची वाहती ओळ वाटते आणि सगळे स्वर सारखे वाजवता येणे हेच यश वाटते. काही वर्षांनी तिच्यात तीन आवाज ऐकू येतात. वर एक संथ गाणे आहे, खाली खर्जाची स्वतंत्र चाल आहे आणि मधले स्वर त्या दोघांना जोडणारी साथ आहेत. साथीचे स्वर हलके करून गाण्याचा स्वर पुढचा स्वर येईपर्यंत धरून ठेवायचा तर अनामिकेला आणि तर्जनीला एकाच वेळी वेगवेगळ्या ताकदीने वाजवावे लागते. हे साधले की एकाच गिटारवर तीन जण वाजवत असल्यासारखे वाटते. सोरने ते सुरुवातीपासूनच लिहून ठेवले होते. विद्यार्थ्याचा कान आणि हात तिथवर पोचायला वेळ लागला.

कान आणि हात यांची वाढ सारख्या गतीने होत नाही, ही गोष्ट इथे महत्त्वाची आहे. कान बहुधा आधी वाढतो. चांगले वादन ऐकून, शिक्षकाच्या सूचनांतून, स्वतःच्या चुका पारखून तो दरमहा थोडा अधिक चोखंदळ होतो आणि हाताकडून अधिक मागू लागतो. हात सुधारत असतानाही वाजवणाऱ्याला असमाधान वाटते ते त्यामुळे. कित्येक जण याच टप्प्यावर गिटार भिंतीला टांगतात. आपल्याला जमत नाही असा त्यांचा निष्कर्ष असतो. प्रत्यक्षात त्यांना पूर्वीपेक्षा अधिक ऐकू येत असते. जुन्या धुनेचे जुने ध्वनिमुद्रण जवळ असेल तर हा गोंधळ सुटतो. आजचे वादन आणि तेव्हाचे वादन एकामागून एक ऐकले की हाताने कापलेले अंतर दिसते. तेव्हा छान वाटलेले वादन आज ताठ आणि घाईचे वाटते, यात कानाने कापलेले अंतरही दिसते. आज प्रत्येकाच्या फोनवर ध्वनिमुद्रण होत असल्याने हा पडताळा कोणालाही घेता येतो, आणि तो मनाच्या अंदाजापेक्षा प्रामाणिक असतो.

जुन्या धुनेत जुने दोषही जपून ठेवलेले असतात. हाताने एकदा पाठ केलेली हालचाल चूक असली तरी तितक्याच निष्ठेने परत येते. पूर्वी गैरसोयीचे बोट वापरले असेल तर आज त्याहून सोपे बोट माहीत असूनही हात त्याच जागी जातो. लय जिथे अडखळत होती तिथे, कारण उरले नसतानाही, ती अडखळते. असा तुकडा नव्याने तयार झालेल्या हातातही जुनाच वाजतो आणि आपण काहीच सुधारलो नाही असे वाटू शकते. यावर उपाय म्हणजे तो तुकडा अनोळखी मानून स्वरलिपीवरून पुन्हा वाचणे, बोटांचे क्रम नव्याने ठरवणे आणि मेट्रोनोमवर इतक्या संथ लयीत वाजवणे की जुन्या सवयीचा प्रवाहच तुटावा. मेल्झेलने १८१५ साली पेटंट घेतलेले हे यंत्र बहुधा वेग वाढवायला वापरले जाते. जुन्या धुनेच्या दुरुस्तीत त्याचा उपयोग वेग रोखून धरण्यासाठी अधिक होतो. तुकडा मधूनच, कुठल्याही आवर्तनापासून सुरू करून पाहणे हीही चांगली कसोटी आहे. फक्त बोटांच्या साखळीने लक्षात राहिलेली धून मधून सुरू होत नाही. समजलेली धून होते.

परतून येण्याला पूर्ण मान देणारी परंपरा महाराष्ट्रातल्या वाचकाच्या घराजवळच आहे. हिंदुस्थानी संगीतात भूप किंवा यमन शिकण्याच्या आरंभी येतात आणि आयुष्यभर सोबत राहतात. मोठा गवई मैफलीत यमन मांडतो तेव्हा त्याने प्राथमिक राग निवडला असे कोणी म्हणत नाही. उलट त्याला त्यात आज काय दिसते याची श्रोत्यांना उत्सुकता असते. इथे आधीचा राग मागे टाकायचा नसतो, त्यात खोल उतरायचे असते. दोन परंपरांतला भेद मात्र ध्यानात ठेवावा लागतो. राग प्रत्येक मैफलीत नवा घडतो, त्यामुळे गायकाबरोबर रागाची मांडणीही वाढते. गिटारसाठी लिहिलेली रचना स्वरास्वराने बांधलेली असते. तिच्यात भर घालता येत नाही, म्हणून वादकातला बदल तिच्यात नितळ दिसतो. यमनाकडे परतणारा गायक नवे बोलतो. ‘लाग्रिमा’कडे परतणारा वादक तेच वाक्य अधिक अर्थाने उच्चारतो. दोघांच्या मुळाशी असलेला विश्वास एकच आहे: जे सोपे म्हणून आधी शिकवले गेले ते उथळ नसते.

मोठ्या वादकांच्या आयुष्यात हे परतणे उघड दिसते. इंग्लिश गिटारवादक ज्युलियन ब्रीम (१९३३–२०२०) याच्यासाठी बेंजामिन ब्रिटनने १९६३ साली ‘नॉक्टर्नल’ ही रचना लिहिली आणि ब्रीमने १९६४ साली ऑल्डबरा महोत्सवात ती प्रथम सादर केली. पुढे १९६० च्या दशकात आणि पुन्हा १९९० च्या दशकात त्याने ती ध्वनिमुद्रित केली. जी रचना जगात सर्वांत आधी त्याच्या हातून वाजली तिच्याकडेही पाव शतकानंतर परत जावेसे त्याला वाटले. या रचनेची घडणच बोलकी आहे. जॉन डाउलंडच्या १५९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका गीतावर ती आधारलेली आहे. एरवी आधी मूळ धून येते आणि मग तिची रूपे. इथे अस्वस्थ, स्वप्नाळू, झुलत्या अशा आठ रूपांतून जाऊन अगदी शेवटी डाउलंडची साधी, जुनी धून ऐकू येते. इतके सगळे ऐकून आलेल्या कानाला ती साधी वाटत नाही. तिचा प्रत्येक स्वर आधीच्या प्रवासाने भारलेला असतो. बरीच वर्षे वाजवून आपल्या पहिल्या धुनेपाशी आलेल्या वादकाची स्थिती याहून वेगळी नसते.

परतणे दर वेळी सुखाचेच असते असे नाही. बरेच दिवस वाद्य बाजूला राहिले असेल, बोटांच्या टोकांचे घट्टे गेले असतील, दुखापत झाली असेल किंवा वय वाढले असेल, तर पूर्वी सहज जमणारे आता जमत नाही हेही जुनी धूनच स्पष्ट सांगते. तारेगाच्या ‘आल्हाम्ब्राच्या आठवणीं’सारख्या रचनेत अंगठ्याच्या प्रत्येक स्वरानंतर अनामिका, मधले बोट आणि तर्जनी एकच तार भराभर छेडतात. असा ट्रेमोलो काही महिन्यांच्या खंडाने विस्कटतो. अशा वेळी काय गेले आणि काय राहिले हे वेगळे करून पाहावे लागते. वेग आणि दम आधी जातात. वाक्याची जाण, स्वर धरण्याची समज, कुठे थांबावे याचे भान पुष्कळ काळ टिकते. १८९३ साली जन्मलेला सेगोव्हिया नव्वदी ओलांडल्यावरही मैफली करत होता. वाढत्या वयात हाताची मर्यादा ओळखून बोटांचे क्रम आणि लय बदलता येतात, आणि मंद केलेली धून पूर्वीच्या वेगवान धुनेपेक्षा समृद्ध वाजू शकते. ज्याने तरुणपणी फक्त वेग कमावला त्याच्याजवळ तेव्हा थोडेच उरते. ज्याने ऐकणे कमावले त्याच्याजवळ बरेच.

या सगळ्यातून परतण्याची एक रीत तयार होते. पाच-सहा धुना कायम हाताखाली ठेवाव्यात, आणि त्या वेगवेगळ्या कामांच्या असाव्यात: एखादी बारची, एखादी संथ गाण्याची, एखादी उजव्या हाताच्या क्रमांची, एखादी दोन-तीन आवाजांची. त्या रोज वाजवू नयेत. रोज वाजवलेल्या धुनेतला बदल रोज वाढणाऱ्या मुलाच्या उंचीसारखा घरच्यांना दिसत नाही. मध्ये काही महिने जाऊ द्यावेत. परत घेतल्यावर पहिले वादन ध्वनिमुद्रित करावे, कारण सराव सुरू झाला की ती पहिली साक्ष पुसली जाते. मग एका वेळी एकच गोष्ट ऐकावी: कधी फक्त खर्ज, कधी स्वरांची लांबी, कधी नुसती लय. जे सुधारले ते कशामुळे, याचा माग काढावा. बार सुटला तो कोणत्या अभ्यासामुळे, अनामिका कशाने मोकळी झाली, हे कळले की पुढच्या रियाजाला दिशा मिळते. जे सुधारले नाही तेही नेमके समजते आणि त्याच्यावर वेगळे काम काढता येते. शिक्षकांनाही यात करण्यासारखे आहे. नवा तुकडा देताना वर्षापूर्वीचा एक तुकडा पुन्हा मागवला, तर विद्यार्थ्याला स्वतःच्या वाढीची खात्री पटते आणि तीही कोणाच्या स्तुतीवाचून.

या खात्रीची किंमत मोठी आहे. रियाज हे पुष्कळसे फळ न दिसता केलेले काम असते आणि ते टिकवून धरायला निव्वळ निर्धार पुरत नाही. आपण केलेले वाया गेले नाही हे माणसाला मधून मधून स्वतःच्या कानांनी ऐकायला मिळावे लागते. जुनी धून ते ऐकवते, आणि त्याच वेळी तिच्यातले अजून न गवसलेले काही पुढे करते: एखादा मधला आवाज, एखादा जास्त धरायला हवा असलेला स्वर, दोन वाक्यांमधला श्वास. हात जितका तयार, तितकी तिची मागणी बारीक होत जाते. म्हणून अशी धून कधी शिकून संपत नाही, आणि ती संपत नाही याचे चांगल्या वादकाला ओझे वाटत नाही. नव्या तुकड्याच्या पठारावर पुन्हा कामाला लागण्याचे बळ त्याला त्यातूनच मिळते.